जीपीएस, ग्लोनास, गॅलिलिओ, बैदू, नाविक: कोणाचा सिग्नल कितपत कामाचा

फोन, मनगटी घड्याळ किंवा गाडीच्या ट्रॅकरच्या खोक्यावर ‘जीपीएस, ग्लोनास, गॅलिलिओ, बैदू, नाविक’ अशी नावांची रांग छापलेली असते. ही अनुक्रमे अमेरिका, रशिया, युरोप, चीन आणि भारत यांच्या जागा दाखवणाऱ्या उपग्रह यंत्रणांची नावं. नावं जितकी जास्त तितकं लोकेशन अचूक, असं धरून माणूस खरेदी करतो. हे गणित अर्धवट आहे. मोकळ्या माळावर एकट्या जीपीएसचे आठ-दहा उपग्रह दिसतात आणि फोनला पाच मीटरच्या आसपास जागा दाखवायला तेवढे पुरतात. खरी परीक्षा होते ती उंच इमारतींमधल्या गल्लीत, दाट झाडीखाली आणि डोंगराच्या कुशीत. तिथे किती देशांचे उपग्रह ऐकू येतात यापेक्षा ते कोणत्या फ्रीक्वेन्सीवर ऐकू येतात याला जास्त मोल आहे. म्हणून या परीक्षणात प्रत्येक यंत्रणेला एकच प्रश्न विचारला आहे: साध्या रिसीव्हरच्या हाती ती प्रत्यक्ष काय देते?

आधी मोजणी कशी होते ते पाहू, कारण पुढचे सगळे गुणदोष त्यातूनच निघतात. रिसीव्हरला चार अज्ञात संख्या काढायच्या असतात. तीन जागेच्या, आणि चौथी त्याच्या स्वतःच्या स्वस्त घड्याळातल्या चुकीची. म्हणून किमान चार उपग्रह लागतात. पण प्रत्येक यंत्रणेचं घड्याळ वेगळं चालतं. दुसरी यंत्रणा जोडली की दोघींच्या वेळेतला फरक ही पाचवी अज्ञात संख्या होते. त्यामुळे जीपीएसचे तीन आणि ग्लोनासचा एक असे चार उपग्रह दिसत असूनही अनेक रिसीव्हर जागा दाखवत नाहीत, पाचव्याची वाट पाहत बसतात. दोन-दोन उपग्रहांच्या चार यंत्रणा मिळून आठ झाले, तरी त्यातले तीन वेळेचे फरक काढण्यातच खर्ची पडतात. गॅलिलिओ स्वतःच्या आणि जीपीएसच्या वेळेतला फरक संदेशातूनच प्रसारित करतो. ज्या रिसीव्हरचं सॉफ्टवेअर तो वाचतं, त्याला एक उपग्रह कमी लागतो.

दुसरी गोष्ट फ्रीक्वेन्सीची. जुना, सर्वांना खुला असलेला जीपीएस सिग्नल एल१ वर, म्हणजे १५७५.४२ मेगाहर्ट्झवर येतो. त्याच्या कोडचा वेग सेकंदाला १०.२३ लाख चिप्स (चिप म्हणजे कोडचा सगळ्यात लहान तुकडा), म्हणजे एक चिप हवेत सुमारे २९३ मीटर लांब. एल५ वर, ११७६.४५ मेगाहर्ट्झला, हा वेग दहापट आहे आणि चिप २९.३ मीटरची. भिंतीवर आपटून आलेला सिग्नल थेट सिग्नलपेक्षा ४०-५० मीटर जास्त चालून आला, तर एल१ च्या लांब चिपमध्ये दोघे एकमेकांत मिसळतात आणि अंतर चुकतं. एल५ मध्ये ते वेगळे ओळखता येतात. गल्लीतून चालताना नकाशावरचा निळा ठिपका पलीकडच्या रस्त्यावर उडी मारतो, त्याचं मुख्य कारण हे परावर्तन आहे. त्यावरचा सगळ्यात परिणामकारक इलाज म्हणजे एल५.

तिसरा शत्रू आयनोस्फियर, म्हणजे वातावरणाचा विद्युतभारित कणांनी भरलेला वरचा थर. तिथला विलंब फ्रीक्वेन्सीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. वातावरण तापलेलं असताना, म्हणजे इलेक्ट्रॉनांचं प्रमाण १०० एकक असताना, सरळ डोक्यावरच्या उपग्रहाचं अंतरही एल१ वर सुमारे १६ मीटरनं आणि एल५ वर २९ मीटरनं फुगतं. जीपीएस संदेशातल्या साध्या मॉडेलनं यातली साधारण निम्मी चूक जाते. एकाच उपग्रहाच्या दोन फ्रीक्वेन्सी मिळाल्या तर जवळपास सगळी काढता येते. चुंबकीय विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना, साधारण १५ अंशांच्या पट्ट्यांत, हा त्रास जगात सर्वाधिक असतो. त्यातही सूर्य मावळल्यापासून मध्यरात्रीपर्यंत सिग्नल लुकलुकतो आणि तुटतो.

जीपीएस

पहिला उपग्रह १९७८ साली गेला आणि १९९५ मध्ये यंत्रणा पूर्ण झाल्याची घोषणा झाली. नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम मिसळलेली चूक अमेरिकेने २ मे २००० रोजी काढून टाकली, आणि साध्या रिसीव्हरची अचूकता एका रात्रीत शंभर मीटरच्या घरातून दहा मीटरच्या घरात आली. उपग्रह २०,२०० किलोमीटर उंचीवर सहा प्रतलांत फिरतात. त्यांच्या अणुघड्याळांना सापेक्षतेमुळे दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे धावण्याची ओढ असते, म्हणून घड्याळाची मूळ गती जमिनीवरच त्या मानाने कमी लावून पाठवतात.

भरवशाच्या बाबतीत जीपीएसच्या तोडीचं दुसरं कोणी नाही. तरी ती निर्दोष नाही. २६ जानेवारी २०१६ रोजी एक जुना उपग्रह निवृत्त करताना प्रसारित वेळेत सुमारे १३ मायक्रोसेकंदांची चूक शिरली. लोकेशन ठीक राहिलं, पण जगभर वेळेसाठी जीपीएसवर विसंबलेल्या उपकरणांनी धोक्याच्या सूचना दिल्या. आठवड्यांच्या मोजणीचा दोष वेगळाच. जुन्या संदेशात आठवड्याचा आकडा १०२४ झाला की पुन्हा शून्यावर येतो. एप्रिल २०१९ मध्ये तो आला तेव्हा सॉफ्टवेअर न बदललेल्या रिसीव्हरांनी जवळपास वीस वर्षांपूर्वीची तारीख दाखवली. पुढची पाळी नोव्हेंबर २०३८ ची आहे. एखादं जुनं मॉड्यूल (उपकरणात बसवायचा सुटा रिसीव्हर) अक्षांश-रेखांश बरोबर पण तारीख १०२४ आठवडे मागची देत असेल, तर ते फेकू नका. वाचणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तेवढे आठवडे मिळवले की काम भागतं.

जीपीएसची खरी उणीव एल५ मध्ये आहे. २०१० नंतर सोडलेल्या उपग्रहांवरच तो सिग्नल आहे. शिवाय बराच काळ त्याच्या संदेशात ‘वापरास योग्य नाही’ असा शिक्का प्रसारित होत आला आहे. नियमाने चालणारे रिसीव्हर तो शिक्का पाहून सिग्नल मापतात, पण गणितात घेत नाहीत. काही मॉड्यूलच्या सेटिंगमध्ये एल१ चा आरोग्य-शिक्का एल५ लाही लावण्याची सोय असते. ती सुरू केल्याशिवाय यादीत एल५ दिसतो आणि अचूकतेत फरक पडत नाही. ‘ड्युअल बँड (दोन फ्रीक्वेन्सींचं) घेतलं पण उपयोग नाही’ अशी तक्रार असली की आधी हेच तपासावं.

गॅलिलिओ

डिसेंबर २०१६ मध्ये सेवा सुरू झाली. नागरी नियंत्रणाखालची ही एकमेव जागतिक यंत्रणा, आणि आज साध्या वापरणाऱ्यासाठी सगळ्यात चांगला सिग्नल हिचाच आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे. कारणं तीन. एक, प्रत्येक उपग्रह ई१ आणि ई५ए दोन्ही सोडतो, आणि या फ्रीक्वेन्सी जीपीएसच्या एल१ आणि एल५ याच आहेत. ज्या फोनच्या अँटेनाला एल५ ऐकू येतो त्याला गॅलिलिओचा दुसरा सिग्नल आपोआप मिळतो. दोन, उपग्रहांवर हायड्रोजन मेझर या प्रकारची अणुघड्याळं आहेत. त्यांची स्थिरता इतकी की जमिनीवरून उपग्रहाला पाठवलेली माहिती थोडी जुनी झाली तरी चूक फारशी वाढत नाही. तीन, २०२३ पासून ई६ या १२७८.७५ मेगाहर्ट्झच्या सिग्नलवर कक्षा आणि घड्याळ यांच्या दुरुस्त्या फुकट प्रसारित होतात. त्यांचं उद्दिष्ट आडव्या दिशेने २० सेंटीमीटर आणि उभ्या दिशेने ४० सेंटीमीटर. मात्र त्यासाठी ई६ वाचणारा रिसीव्हर आणि चांगली अँटेना लागते आणि आकडा स्थिरावायला काही मिनिटं जातात. फोनवर हे मिळणार नाही. सिग्नल खरोखर उपग्रहाचाच आहे हे तपासण्याची सहीची सोयही गॅलिलिओने नागरी वापरासाठी खुली केली आहे. बनावट सिग्नलांच्या काळात हे काम मोठं आहे.

डाग मात्र आहे आणि तो गडद आहे. जुलै २०१९ मध्ये जमिनीवरच्या यंत्रणेतल्या बिघाडामुळे जवळपास आठवडाभर गॅलिलिओची सेवा बंद पडली. उपग्रह सिग्नल सोडत होते, पण त्यांच्या कक्षेची माहिती शिळी होत चालली होती. धडा साधा आहे: केवळ गॅलिलिओवर चालणारं उपकरण करू नये. त्याआधी, ऑगस्ट २०१४ मध्ये, दोन उपग्रह चुकीच्या लांबट कक्षेत जाऊन पडले. त्यांच्या त्या कक्षेचा उपयोग पुढे शास्त्रज्ञांनी सापेक्षता तपासायला करून घेतला.

बैदू

चीनची तिसरी पिढी ३१ जुलै २०२० रोजी पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. मध्यम उंचीवर २४, कलत्या भूसमकालिक कक्षेत (पृथ्वीच्याच गतीने, पण विषुववृत्ताला तिरकी फेरी) ३ आणि भूस्थिर ३ अशी रचना. शिवाय दुसऱ्या पिढीचे काही उपग्रहही चालू आहेत. आशियात आकाशात सगळ्यात जास्त उपग्रह बैदूचेच दिसतात. दाट वस्तीत त्यामुळे होणारा फायदा खरा आहे.

इथे घोळ होतो तो नावाचा. ‘बैदू चालतं’ एवढ्यानं काही कळत नाही. जुनी मॉड्यूलं फक्त बी१आय, म्हणजे १५६१.०९८ मेगाहर्ट्झ वाचतात. नवे सिग्नल बी१सी आणि बी२ए आहेत, ते अनुक्रमे जीपीएसच्या एल१ आणि एल५ वर येतात. त्याहून नकळत नडणारी गोष्ट उपग्रहांच्या क्रमांकांची. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये बैदूचे क्रमांक ३७ पर्यंतच धरलेले असतात. तिसऱ्या पिढीतले ४१ ते ४६ हे मध्यम कक्षेतले उपग्रह त्यांना दिसतच नाहीत. उपग्रहांच्या यादीत बैदूचा ३७ च्या वरचा एकही क्रमांक दिवसभरात आला नाही, तर फर्मवेअर जुनं आहे असं समजावं. भूस्थिर उपग्रह यादीत आकडा वाढवतात, पण ते जागचे हलत नाहीत. त्यामुळे त्यांच्या परावर्तनाची चूक वेळेनुसार सरासरीत विरत नाही. अचूक कामात त्यांना कमी वजन देणं किंवा वगळणं योग्य. दुसऱ्या पिढीच्या उपग्रहांच्या सिग्नलमध्ये उपग्रहाच्या उंचीच्या कोनानुसार बदलणारी चूकही आढळलेली आहे, ती एक मीटरच्या पुढे जाऊ शकते.

ग्लोनास

१९८२ मध्ये सुरुवात, १९९५ च्या अखेरीस २४ उपग्रह पूर्ण. मग पैशाअभावी पडझड आणि २०११ मध्ये पुन्हा पूर्ण संख्या. कक्षेचा कल ६४.८ अंश, जीपीएसपेक्षा जवळपास दहा अंश जास्त. म्हणून ध्रुवाकडच्या प्रदेशांत ती इतरांपेक्षा चांगली दिसते.

ग्लोनासचं वेगळेपण हीच तिची डोकेदुखी. बाकी सगळ्या यंत्रणांचे उपग्रह एकाच फ्रीक्वेन्सीवर वेगवेगळ्या कोडने बोलतात. ग्लोनासचे जुने सिग्नल मात्र १६०२ मेगाहर्ट्झच्या आसपास, ०.५६२५ मेगाहर्ट्झच्या अंतराने, वेगवेगळ्या चॅनलवर येतात. रिसीव्हरच्या फिल्टरमधून प्रत्येक चॅनलला थोडा वेगळा विलंब लागतो. साध्या नेव्हिगेशनमध्ये हे कळत नाही. पण सेंटीमीटरच्या आरटीके कामात, म्हणजे एका जागी ठेवलेल्या रिसीव्हरच्या (बेस) दुरुस्त्या घेऊन फिरत्या रिसीव्हरची (रोव्हर) जागा काढताना, बेस एका कंपनीचा आणि रोव्हर दुसऱ्या कंपनीचा असेल, तर ग्लोनासमुळे ‘फिक्स’, म्हणजे सेंटीमीटरचं पक्कं उत्तर, लागता लागत नाही. अशा वेळी ग्लोनास बंद करून पाहावं, बऱ्याचदा मिनिटभरात फिक्स लागतो. दुसरा फरक वेळेचा. ग्लोनासची वेळ लीप सेकंद (पृथ्वीच्या फिरण्याशी वेळ जुळवायला अधूनमधून मिळवलेला सेकंद) पाळते, जीपीएसची पाळत नाही. २०१७ पासून लीप सेकंदांमुळे दोघांत १८ सेकंदांचं अंतर आहे. कच्च्या नोंदी जुळवताना हे विसरलं की सगळा हिशोब बिघडतो. तिची कक्षेची माहितीही अर्ध्या तासाने शिळी होते, जीपीएसची चार तास चालते. म्हणून उपकरण तासभर बंद ठेवून चालू केलं की जीपीएस लगेच उभा राहतो आणि ग्लोनास नव्याने संदेश वाचत बसतो.

एप्रिल २०१४ मध्ये सगळ्याच ग्लोनास उपग्रहांनी कित्येक तास चुकीच्या कक्षा प्रसारित केल्या होत्या. चांगल्या रिसीव्हरांनी बाकीच्यांशी ताडून पाहून त्यांना बाजूला सारलं, भोळ्या रिसीव्हरांनी भलतीच जागा दाखवली. आज चार यंत्रणा उपलब्ध असताना ग्लोनासचं स्थान चौथं आहे. कमी उपग्रह दिसतात तिथे भर म्हणून चालू ठेवावी, अचूक कामात नेटाने धरून ठेवू नये.

नाविक

नाविकबद्दल लिहिताना जीव तुटतो, कारण कल्पना फार चांगली आहे. भारत आणि सीमेपलीकडचा १५०० किलोमीटरचा टापू एवढंच क्षेत्र धरायचं, तीन भूस्थिर आणि चार कलत्या कक्षेतले असे फक्त सात उपग्रह, आणि ते कायम आकाशात उंचावर दिसणारे. २०१३ ते २०१६ या काळात इस्रोने हे सातही सोडले. एल५ बरोबर एस बँडचा, २४९२.०२८ मेगाहर्ट्झचा सिग्नलही ठेवला. एस बँडवर आयनोस्फियरचा विलंब एल१ च्या जेमतेम ४० टक्के असतो. दोन्ही फ्रीक्वेन्सी वाचणाऱ्या रिसीव्हरला, चुंबकीय विषुववृत्ताजवळच्या या प्रदेशात, हे वरदान ठरायला हवं होतं.

घड्याळांनी घात केला. पहिल्या उपग्रहावरची तिन्ही आयात रुबिडियम अणुघड्याळं बंद पडली. त्याच्या बदल्यात ऑगस्ट २०१७ मध्ये सोडलेला उपग्रह उष्णतारोधक कवच न उघडल्याने आतच अडकला. मे २०२३ मध्ये एनव्हीएस-०१ स्वदेशी घड्याळ आणि एल१ सिग्नल घेऊन गेला, तिथे आशा पालवली. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हीएस-०२ गेला, पण कक्षा उंचावण्याच्या झडपा उघडल्या नाहीत. सोडलेल्या अकरांपैकी चारच उपग्रह स्थाननिश्चितीचं काम करत असल्याचं सरकारने २०२५ मध्ये संसदेत सांगितलं. चार म्हणजे किमान संख्या. एक इमारतीआड गेला की एकट्या नाविकवर जागा मिळत नाही. म्हणून सध्या तिच्याकडे जीपीएस-गॅलिलिओला दिलेली जोड म्हणूनच पाहावं.

वापरातल्या अडचणी दोन. पहिली, एनव्हीएस मालिकेआधीचे उपग्रह एल१ वर बोलतच नाहीत. फोनच्या चिपच्या माहितीपत्रकात ‘नाविक’ असतं, पण फोन बनवणाऱ्याने एल५ ची अँटेना आणि फिल्टर बसवलेले नसतात. मग यादीत नाविकचा एकही उपग्रह येत नाही. दुसरी, केवळ एल५ वाचणाऱ्या स्वस्त रिसीव्हरला आयनोस्फियरची चूक एल१ पेक्षा १.८ पट जास्त लागते. त्यावर नाविकच्या संदेशात प्रदेशासाठी जाळीनुसार दुरुस्त्या येतात, त्या रिसीव्हर वाचतो की नाही हे विक्रेत्याला विचारावं. एस बँड वापरायचा असेल तर वाय-फायचं मॉड्यूल अँटेनापासून दूर ठेवावं, दोघांच्या फ्रीक्वेन्सी शेजारी-शेजारी आहेत. मच्छीमारांच्या बोटींवर वादळाचे इशारे पाठवण्याचं काम मात्र नाविकचे उपग्रह करू शकतात, आणि ज्याचं घड्याळ बंद पडलं आहे असा उपग्रहही संदेश प्रसारणाला चालतो.

जपानची क्यूझेडएसएस, म्हणजे मिचिबिकी, ही यंत्रणा २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये चार उपग्रहांनिशी सुरू झाली. ती जीपीएसचेच सिग्नल डोक्यावरून सोडते आणि जपानमध्ये सेंटीमीटरच्या दुरुस्त्या फुकट देते. तिथे काम असेल तर उत्तमच. बाहेर, पूर्व आशिया आणि ऑस्ट्रेलियाच्या पट्ट्यात, एक-दोन उपग्रहांची भर एवढाच उपयोग.

हातातलं उपकरण काय पकडतं ते कसं पाहायचं

अँड्रॉइड फोनवर ‘जीपीएसटेस्ट’सारखं अ‍ॅप घ्यावं. मोकळ्या जागी, फोन आडवा धरून, पाच मिनिटं थांबावं. यादीत प्रत्येक उपग्रहापुढे फ्रीक्वेन्सीचा रकाना असतो. तिथे एल५, ई५ए किंवा बी२ए दिसलं तर फोन खरोखर दोन फ्रीक्वेन्सींचा. सगळीकडे एल१, ई१, बी१ च असेल तर नाही, खोक्यावर काहीही लिहिलेलं असो. नंतर सिग्नलची ताकद पाहावी. ४० डीबी-हर्ट्झच्या वर उत्तम, ३० च्या खाली तो उपग्रह गणितात असून नसल्यासारखा. सगळेच उपग्रह ३० च्या आसपास रेंगाळत असतील तर दोष आकाशात नाही, धातूच्या कव्हरमध्ये किंवा अँटेनात आहे. लहान चौकोनी सिरॅमिक अँटेना असेल तर तिच्याखाली साधारण ७ बाय ७ सेंटीमीटरचा धातूचा पत्रा ठेवून पाहावा, आकडे लगेच वर येतात.

‘दिसणारे’ आणि ‘वापरलेले’ उपग्रह हे वेगळे आकडे आहेत, जाहिरातीत नेहमी पहिला असतो. बरेच फोन बॅटरी वाचवायला मापन मधूनमधून थांबवतात. डेव्हलपर पर्यायांत पूर्ण मापनाची सक्ती करणारं बटण आहे, ते तपासणीपुरतं सुरू करावं.

जॅमरपासून पाच यंत्रणा पाचपट संरक्षण देतात, असं समजू नये. जमिनीवर पोचणारा सिग्नल उणे १२८ डीबीएमच्या आसपास, म्हणजे इतका क्षीण असतो की खिशात मावणारं यंत्र तो बुडवतं. जीपीएस, गॅलिलिओ आणि बैदूचा बी१सी एकाच फ्रीक्वेन्सीवर असल्याने एकदमच जातात. एल५ वेगळ्या ठिकाणी आहे खरा, पण बहुतेक रिसीव्हर आधी एल१ वर उपग्रह शोधून त्याच्या आधाराने एल५ पकडतात. एल१ गेला की त्यांचा एल५ ही लागत नाही. थेट एल५ वर शोध घेणाऱ्या चिप आता मिळू लागल्या आहेत आणि सुरक्षेच्या कामासाठी त्याच घ्याव्यात.

मॉड्यूल वापरणाऱ्यांच्या दोन चुका वारंवार दिसतात आणि दोन्हींचं खापर उपग्रहांवर फुटतं. पहिली: रिसीव्हर ज्या ठरावीक मजकुरी स्वरूपात माहिती बाहेर देतो, त्या एनएमईए ओळीत अक्षांश अंश आणि मिनिटं असा जोडून येतो. १८३०.०००० म्हणजे १८ अंश ३० मिनिटं, म्हणजे १८.५ अंश. तो १८.३० अंश म्हणून वाचला की जागा सुमारे २२ किलोमीटर सरकते. दुसरी उंचीची. रिसीव्हर मुळात पृथ्वीच्या गणिती लंबगोलावरून उंची काढतो, समुद्रसपाटीवरून नाही. हिंदी महासागरात, श्रीलंकेच्या दक्षिणेला, समुद्रसपाटी त्या लंबगोलापेक्षा सुमारे १०० मीटर खाली आहे आणि आजूबाजूच्या भूप्रदेशातही हा फरक दहा-दहा मीटरच्या पटीत मोजावा लागतो. अँड्रॉइडची कच्ची उंची उणे ६० मीटर दाखवत असेल तर फोन बरोबर असू शकतो. एनएमईएच्या जीजीए ओळीत समुद्रसपाटीवरची उंची आणि त्यापुढच्या रकान्यात हा फरक, असे दोन्ही आकडे वेगळे दिलेले असतात.